कुणासारखा?

मराठी शिकवणाऱ्या माणसाला काही व्यवसायजन्य व्याधी जडतात. पहिली, दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्वदीर्घ तपासत रस्त्याने चालण्याची. तिच्यापायी मी नवी पेठेत दोनदा रिक्षाखाली येता येता वाचलो आहे. दुसरी, लग्नपत्रिका हाती पडली की लग्न कुणाचे आहे हे पाहण्याआधी ‘आशिर्वाद’ शोधून काढण्याची. या दोन्ही व्याधी तशा निरुपद्रवी. त्रास झालाच तर तो घरच्यांना होतो. तिसरी मात्र जहाल. ती उपमेची. समोर आलेली वस्तू जशी आहे तशी म्हणून पाहायचीच नाही. ती कशासारखी आहे, एवढेच पाहायचे. गेली अठरा वर्षे मी सोलापुरातल्या एका कॉलेजात मुलांना उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक शिकवतो आहे, आणि इतकी वर्षे चण्याच्या भट्टीवर काम करणाऱ्याच्या कपड्यांना जसा वास लागतो तसा (ही पाहा, आलीच!) तो अलंकार माझ्या अंगाला लागला आहे.

या व्याधीपायी गेल्या वर्षी एका मुलाचे कॉलेज आणि कुस्ती, दोन्ही सुटायची वेळ आली होती. ती हकीकत मला सांगायची आहे. सांगून मोकळे व्हायचे आहे, असे म्हटले तरी चालेल.

त्या मुलाचे नाव सांगत नाही. कॉलेजात तसेही त्याला नावाने कुणी हाक मारीत नाही. सगळे ‘पैलवान’च म्हणतात. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला तो माझ्या वर्गात आला तेव्हा आधी दार अंधारले आणि मग तो दिसला. सव्वासहा फूट उंची, एकशे अठरा किलो वजन, कान चुरगळून गाठोडे झालेले. शेवटच्या बाकावर तो बसला तेव्हा त्या बाकाने असा आवाज केला, की हजेरी घेणे मला दोन क्षण थांबवावे लागले. आणि मग त्याने “हजर सर” म्हटले. आवाज बारीक, पोरसवदा, जवळजवळ लाजरा. वर्ग हसला. तोही हसला. एवढ्या मोठ्या देहातून एवढा लहान आवाज येतो, याची त्याला सवय असावी.

तो अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातला. घरात कानडी, बाहेर मराठी. पहाटे चारला तालमीत, सहापर्यंत जोर-बैठका, मग मातीत लढती, मग खुराक, मग झोप, आणि झोपेतून उठून माझा तास. त्यामुळे माझ्या तासाला तो जागा असे तो केवळ भिडस्तपणापोटी, हे मला कळत होते.

पण खरी मौज वर्गात नव्हती, ती प्राध्यापकांच्या खोलीत होती. सोलापूरच्या माणसाला कुस्तीतले कळत नाही असे होत नाही; निदान तो तसे कबूल करीत नाही. पैलवान व्हरांड्यातून गेला की खोलीत वाद सुरू होई. आमचे शिपाईमामा म्हणत, “इस्माईल शेख! तीच छाती. डोळे झाकून सांगतो.” हिशेबनीस म्हणत, “छट्! हा आप्पालालच्या वळणाचा. खांदे बघा की.” रसायनशास्त्राचे प्राध्यापक लातूरकडचे. ते हरिश्चंद्र बिराजदारांच्या खाली उतरायलाच तयार नसत. जिमखान्याचे सर मात्र गप्प बसत. त्या माणसाला कुस्ती कळते, हे त्यांच्या गप्प बसण्यावरूनच मी ओळखायला हवे होते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, शेंगांची चटणी आठवते. पण सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बोरामणी नावाचे गाव आहे, आणि त्या गावातल्या एका शेख घराण्याने महाराष्ट्राला तीन महाराष्ट्र केसरी दिले आहेत. १९८० साली इस्माईल शेख, १९९२ साली आप्पालाल शेख आणि २००२ साली मुन्नालाल शेख. ही स्पर्धा १९६१ पासून सुरू आहे. तेवढ्या काळात एका घरात तीन गदा ही गोष्ट थोडी नव्हे. पुढे २०१८ साली जालन्याला करमाळा तालुक्यातल्या बाला रफिक शेखने मान मिळवला. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला मोहोळच्या सिकंदर शेखने. बिराजदार आमच्या जिल्ह्याचे नव्हेत, ते निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि पुढे हिंद केसरी. दिल्लीच्या सतपालला त्यांनी बेळगावात चीत केले, ती कुस्ती पाहिल्याचे सांगणारी इतकी माणसे मला भेटली आहेत, की ते सगळे त्या मैदानात मावले कसे याचेच आश्चर्य वाटते.

तेव्हा अशा जिल्ह्यात कुणी थोराड हाडाचा पोरगा शड्डू ठोकून उभा राहिला, की लोक लगेच त्याला या फोटोंच्या रांगेत उभा करून मापे घेऊ लागतात. मंगळवेढ्याकडच्या महेंद्र गायकवाडचेच पाहा. उंचापुरा, भारी गडी. २०२३ च्या जानेवारीत पुण्याला त्याने माती विभागात सिकंदरला हरवले आणि शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षेकडून तो हरला. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पुन्हा शेवटची कुस्ती, आणि पुन्हा हार, या वेळी पृथ्वीराज मोहोळकडून. राज्यभरातल्या मल्लांतून दोनदा शेवटच्या दोघांत येणे म्हणजे काय, हे पाहायला कुणी थांबले नाही. चहाच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येई : “आप्पालाल असता तर...”

आप्पालाल असता तर काय झाले असते, हे आप्पालाललाही सांगता आले नसते. त्याची माती वेगळी होती. जत्रेतली मातीवरची कुस्ती पाठ टेकेपर्यंत चालते. अर्धा तास, पाऊण तास, कधी दिवस मावळतो म्हणून सोडवावी लागते. गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांचा हिशेब, वर्तुळाबाहेर पाऊल गेले तरी प्रतिस्पर्ध्याला गुण. एकात दम मोजतात, दुसऱ्यात क्षण. महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या लढतीत मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता समोरासमोर येतात, म्हणून आजच्या मल्लाला दोन्ही भाषा बोलाव्या लागतात. जुन्याला एका भाषेत उत्तम व्याख्यान देता आले की पुरत असे. यात थोर कोण? प्रश्नच चुकीचा आहे. पण चुकीचे प्रश्न विचारण्यात जी गोडी आहे ती बरोबर प्रश्नात कुठली!

मी मुलांना अलंकार शिकवताना या वादाचा सरळ उपयोगच करून घेतला. ‘पैलवान आप्पालालसारखा आहे’ ही उपमा. इथे पैलवान उपमेय, आप्पालाल उपमान. ‘पैलवान म्हणजे जणू आप्पालालच’ ही उत्प्रेक्षा. ‘पैलवान हा आप्पालालच होय’ हे रूपक. ‘आप्पालालपेक्षा हा सरस’ हा व्यतिरेक. वर्ग खूष झाला. इतकी वर्षे ज्या अलंकारांची चंद्र, कमळ आणि मोर यांच्या पलीकडे मजल गेली नव्हती ते एकदम तालमीत उतरले. शेवटच्या बाकावर पैलवान मान खाली घालून बसला होता. मला वाटले, लाजला.

त्या चैत्रात एका जत्रेत त्याने चांगल्या नावाच्या मल्लाला चीत केले होते. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर त्याचा सत्कार ठरला, आणि भाषणाचे काम अर्थातच मराठीच्या मास्तराकडे आले. आमच्या जिमखान्याच्या भिंतीवर पन्नासेक वर्षांपूर्वीचा एक फोटो आहे. स्टुडिओतला रंगवलेला पडदा, त्यापुढे लंगोट लावलेला, हातात ढाल घेतलेला एक विद्यार्थी. त्याने आंतरविद्यापीठ स्पर्धेत उत्तरेकडच्या एका मल्लाला पापणी लवायच्या आत ढाक मारून आकाश दाखवले, ही कथा कॉलेजात आलेला प्रत्येक माणूस पहिल्या आठवड्यात ऐकतो. मी त्या फोटोपासून सुरुवात केली. तिथून बोरामणीला गेलो, बोरामणीहून रामलिंग मुदगडला, आणि शेवटी पैलवानाकडे हात करून म्हणालो, “या भिंतीवरची ती ढाक पन्नास वर्षे वारसाची वाट पाहत होती. आज दुसरा आप्पालाल आपल्यासमोर उभा आहे!” टाळ्या पडल्या. खूप पडल्या. त्या रात्री मला झोप फार चांगली लागली.

ऑक्टोबरात विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाल्या. मी मुद्दाम रजा टाकून गेलो. उपांत्य लढतीत पैलवानासमोर त्याच्या खांद्याला लागणारा, ठेंगणा, घट्ट बांध्याचा एक मुलगा होता. पहिली तीन मिनिटे पैलवान सहज पुढे होता. दुसऱ्या डावात त्याने एकदम त्या मुलाचा हात काखेत धरला, वळला, आणि ढाक मारायला गेला. ठेंगणा गडी तिथे नव्हताच. तो पैलवानाच्या पाठीमागे होता. पुढच्या क्षणी एकशे अठरा किलो गादीवर असे आदळले, की तो आवाज माझ्या कानात अजून आहे. चीतपट.

मी खोलीबाहेर त्याच्यापाशी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता. “अरे, पुढे होतास की! ढाकेची काय गरज होती?” मी विचारले.

त्याने वर पाहिले. त्याच बारीक आवाजात म्हणाला, “सर, तुम्ही भाषणात म्हणाला होता ना.”

आरोप म्हणून तो बोलला नाही, हेच मला जास्त लागले. त्याने नुसती माहिती दिली. पुढे म्हणाला, “मला ढाक येत नाही सर. वस्ताद नको म्हणत होते. पण सगळी त्याचीच वाट बघत होती.”

दुसऱ्या दिवसापासून तो तालमीत आला नाही. वर्गातही नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. जिमखान्याच्या सरांनी सांगितले, “बापानं वर्षाची मुदत दिली होती. खुराकासाठी एक म्हैस विकली. आता ट्रॅक्टरवर बसवणार म्हणे.” मग थोडे थांबून ते म्हणाले, “जाऊन येऊ या का?” या माणसाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

एका रविवारी आम्ही एस. टी.ने गेलो. ज्वारीची पेरणी नुकतीच उरकली होती. पैलवान रानात होता. घरी त्याचे वडील भेटले. बाप इतका बारीक, इतका लहानखुरा, की... पण नको. त्या वेळी जी उपमा सुचली ती मी गिळली. आईने कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही पुढे ठेवले. थोडा वेळ पावसापाण्याचे बोलणे झाले. मग वडील म्हणाले,

“गुरुजी, तुमचं भाषण पोरानं मोबाईलात दावलं. तीनदा ऐकलं म्या. लई झ्याक बोललासा. आप्पालाल मला ठावं हाय. त्याची कुस्ती बघितलेला मानूस हाय मी. बिराजदारबी ठावं हाय. पर त्या भाषनात माझं पोरगं कुटं हुतं?”

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो.

“म्हंजी राग न्हाई,” ते म्हणाले. “पर तुमी त्याचं मास्तर. तुमी रोज बघताय त्याला. ते कसं हाय, ते सांगा की. कुनासारखं हाय ते नगं. ते कसं हाय?”

सांगायला मजजवळ काही नव्हते. दीड वर्ष तो माझ्या वर्गात होता. त्याचे वजन मला माहीत होते, उंची माहीत होती, त्याचे उपमान माहीत होते. तो कसा आहे, हे मी पाहिलेच नव्हते. उपमेचे चार घटक मी दर वर्षी फळ्यावर लिहितो : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. शेवटच्या तिघांचा मी पोशिंदा झालो होतो, आणि पहिल्याला, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याला उपाशी ठेवले होते.

जिमखान्याच्या सरांनी वेळ सावरली. ते म्हणाले, “पोरगा धीराचा आहे. घाई त्याच्या स्वभावात नाही. पहिल्या मिनिटाला दिसतो त्यापेक्षा सहाव्या मिनिटाला चांगला लढतो. त्याला जत्रेपर्यंत ठेवा.” वडिलांनी बायकोकडे पाहिले. ती कानडीत काहीतरी दोन शब्द बोलली. “जत्रंपातूर,” ते म्हणाले.

परतताना एस. टी.त मला खाशाबा जाधव आठवत होते. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. तिथे खाशाबांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कुस्तीतले दुसरे यायला २००८ साल उजाडावे लागले. कॉलेजातल्या मल्लांत यापेक्षा मोठा फोटो कुठल्या भिंतीवर असणार? आणि त्या माणसाचा गट होता सत्तावन्न किलोचा. आमच्या पैलवानाच्या निम्म्याहूनही कमी! आम्ही सगळे छाती आणि खांदे मोजत बसलो होतो. खर्डेकरांनी विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले. मी विद्यार्थ्याला एक उपमा दिली, तीही उसनी.

मला स्वतःला हे कळायला हवे होते. मी या कॉलेजात लागलो तेव्हा माझ्या आधीच्या सरांचे नाव सगळ्या भिंतींना लागलेले होते. “ते सर कादंबरी शिकवायचे तेव्हा खिडकीत मुले उभी राहायची हो!” हे वाक्य पहिली पाच वर्षे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळे. मी त्यांच्यासारखा आवाज लावून पाहिला; घसा बसला. त्यांच्यासारखा पुस्तक न उघडता शिकवू लागलो. दोन वेळा नायिकेचे नाव विसरलो. मग एक दिवस दमून मी आपला पुस्तक उघडून, माझ्याच बेताच्या आवाजात शिकवू लागलो. खिडकीत मुले अजून उभी राहत नाहीत, पण वर्गातली बरीचशी जागी असतात. एवढे सोसूनही तेच ओझे मी एका वीस वर्षांच्या मुलाच्या मानेवर ठेवले, आणि वर टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून मी पहाटे तालमीत जाऊ लागलो. आज आमच्या गावातल्या पाणीवेस, थोरला मंगळवेढा या तालमींची नावे मिरवणुकांच्या दिवसांत जास्त ऐकू येतात. पण पहाटे पाचला एखाद्या खऱ्या हौदाशी जाऊन बसावे. तेल, ताक, हळद आणि कापूर मुरलेल्या लाल मातीचा वास, अंधुक दिवा, आणि श्वासांचे आवाज. बोलणे जवळजवळ नाहीच. मी कोपऱ्यात बसून फक्त पाहायचे ठरवले होते. कशाचीही कशाशी तुलना करायची नाही. वाचकहो, याइतका कठीण व्यायाम त्या तालमीत दुसरा कुणी करीत नव्हता.

आणि हळूहळू मला तो दिसू लागला. तो लहान मुलांशी लढताना पाठ मातीला लावून घेई, आणि त्यांना ती कुस्ती खरी वाटेल इतक्या बेताने. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा शहाणा होता. तो स्वतःहून डाव क्वचितच टाकी. समोरच्याची मान नुसती धरून ठेवी, रेटी, पुन्हा धरी. पाच-सात मिनिटांनी समोरच्याचे पाय जड होत, आणि मग तो वाकून शांतपणे पट काढी. सगळे थकत तेव्हा त्याची कुस्ती सुरू होई. त्याच्या त्या लाजऱ्या आवाजाचा आणि या कुस्तीचा स्वभाव एकच होता.

एके दिवशी पहाटे वस्तादांनी एका वृद्ध गृहस्थांना बोलावले होते. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. अंगाने अगदी बेताचे. वस्ताद म्हणाले, “सर, ओळखलं का? तुमच्या जिमखान्यातला फोटो.”

मी उठून नमस्कार केला. पैलवानाने पाया पडून बाजूला उभे राहत विचारले, “दादा, ती ढाक कशी मारली होती तुम्ही?”

म्हातारबाबा आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग म्हणाले, “ढाक होती, हे खरं. पण ती त्यानं मला मारली होती.”

तालीम एकदम शांत झाली.

“मी पडलो होतो बाळ. दुसरा आलो. ती ढाल दुसऱ्या नंबराची. आल्यावर एक-दोघांना सांगितलं. लोक म्हणाले, पैलवान विनयी आहे. मग आणखी काही वर्षांनी पाहतो तर ढाक माझीच झालेली. किती जणांना सांगू? सोडून दिलं.” ते काठीवर हनुवटी टेकून थोडे हसले. “माझं वजन तेव्हा अडुसष्ट किलो. फोटोत दिसतो जास्त. आणि मला सगळे काय म्हणायचे ठाऊक आहे? दुसरा मारुती माने! जाकार्ताचं सुवर्णपदक आणणारा गडी तो, १९६२ सालचा. कुठे ते, कुठे मी! त्या नावापायी मी दोन वर्षं माझ्यापेक्षा दीडपट मल्लांशी लढत राहिलो आणि गुडघा घालवला.” मग पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवण्यासाठी त्यांना हात बराच उंच करावा लागला. “उंच माणसानं ठेंगण्याला ढाक मारायची म्हणजे उंटानं शेळीच्या पोटाखाली शिरायचं. तुला देवानं लांब हात दिलेत. धरून ठेव. घाई त्याला होऊ दे.”

पैलवान हसू लागला. त्याला एवढे मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकले. ते हसणेही बारीकच होते, पण बराच वेळ थांबले नाही.

चैत्रात जत्रा झाली. हलगी कडाडत होती, धूळ, गुलाल, फेट्यांची गर्दी. त्याची कुस्ती कोल्हापूरकडच्या तालमीत घडलेल्या एका नामांकित मल्लाशी लावली होती. पाच मिनिटे गेली, दहा गेली. माझ्या मागचा एक जण ओरडला, “अरे आप्पालालनं एव्हाना निकाल लावला असता!” पैलवानाने ऐकले असेल. त्याने मान धरून ठेवली होती ती सोडली नाही. पंचवीस मिनिटांनी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. दोघांनाही धड उभे राहवत नव्हते. इनामाची रक्कम निम्मी-निम्मी झाली. वडील गर्दीतून वाट काढीत आले, आणि माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाले, “आज दिसलं बगा पोरगं.” मुदतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तो शेवटच्या लढतीपर्यंत गेला आणि एका गुणाने हरला. दुसरा आला. जिमखान्याच्या सरांनी त्याचा फोटो काढवून त्या जुन्या फोटोशेजारी लावायचे ठरवले, आणि खाली चार ओळी लिहायला मला सांगितले. म्हातारबाबांना हे कळले तेव्हा त्यांनी निरोप पाठवला : “सरांना म्हणावं, दुसरा आला, असं स्पष्ट लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी पोराची पंचाईत होईल. आणि माझ्याही फोटोखाली लिहून टाका.”

मी तसे लिहिले. दोन्ही फोटोंखाली नाव, वर्ष, वजनी गट, दुसरा क्रमांक. गेल्या वर्षी ज्या शब्दापुढे आप्पालालचे नाव लावून मी टाळ्या घेतल्या होत्या, तोच शब्द. पुढे कुणीही नाही. विशेषण एकही घातले नाही. शिपाईमामांना ते फार कोरडे वाटले. “सर, तुमच्यासारख्या माणसानं...” असे म्हणून ते थांबले.

अलंकारांत अनन्वय नावाचा एक अलंकार आहे. त्यात उपमेयाची तुलना त्याच्याशीच करतात, त्याच्यासारखा तोच. मुलांना तो कधी आवडत नाही. यात अलंकार कसला, असे त्यांना वाटते. मीही तो इतकी वर्षे तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत उरकत आलो. यंदा त्याला एक पूर्ण तास दिला.

परवा दिवाळीच्या सुटीआधीचा शेवटचा दिवस. शिपाईमामा एका नव्या मुलाला दंडाला धरून खोलीत घेऊन आले. पहिल्या वर्षाचा, भरदार हाडाचा, नुकते कान सुजू लागलेला. मामांचे डोळे चमकत होते. “बघा सर, बघा! अगदी आपल्या पैलवानासारखा!”

माझ्या जिभेवर काहीतरी आले होते. मी खुर्ची पुढे सरकवली, त्याला बसायला सांगितले, आणि त्याचे नाव विचारले.